एका पिंडाची माणसे

मराठीतले काही शब्द असे आहेत, की ते देवघरात, ओटीवर आणि दवाखान्यात सारख्याच सहजतेने वावरतात. ‘पिंड’ हा त्यांपैकी एक. श्राद्धाला भाताचा करतात तो पिंड. ‘लबाडी हा त्याचा पिंडच नव्हे’ असे आपण म्हणतो, तेव्हा स्वभाव म्हणजे पिंड. पिंडी ते ब्रह्मांडी म्हणतो, तेव्हा देह म्हणजे पिंड. आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे जे दोन अवयव रात्रंदिवस रक्त गाळीत असतात, तीही मूत्रपिंडेच. हा शब्द मी वर्गात अनेक वर्षे फोड करून शिकवीत आलो आहे. परंतु त्याचे सारे अर्थ मला एकाच घरात, एकाच ओटीवर भेटले, ते गेल्या दिवाळीत वडप्याला.

तुम्ही म्हणाल, चकली-करंजीच्या दिवसांत हे दुखण्याचे पुराण कशाला? खरे आहे. पण सारे गोत एका छपराखाली जमते ते याच चार दिवसांत; आणि ही गोष्ट गोताचीच आहे. ज्या घरात ती सांगायला हवी, तिथे ती सांगायला याहून बरा मुहूर्त मला तरी सुचत नाही.

वडपे हे भिवंडीजवळचे, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. एके काळी तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे होती. आता पुष्कळशा खाचरांच्या जागी पत्र्याची अजस्र गोदामे उभी आहेत, आणि रस्त्यावर कंटेनरांच्या रांगा. माझी एक विद्यार्थिनी या गावची. तिने फराळाला बोलावले म्हणून भाऊबीजेच्या दिवशी भिवंडीच्या बसस्थानकावरून रिक्षा करून गेलो. घर जुने, ओटी शेणाने सारवलेली, दारात रांगोळी. तिचे वडील ओटीवर बसले होते. वय एक्कावन्न, पण पासष्टीचे दिसत. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार-चार तास, त्यांना डायालिसिसला जावे लागे.

फराळाचे ताट आले. मुलीने वडिलांसमोर एक छोटी बाटली ठेवली. तिच्यावर शाईने रेघा मारलेल्या होत्या. दिवसभराचे पाणी तेवढेच! मूत्रपिंडे बंद पडली, की प्यालेले पाणी अंगातच साठते. म्हणून ते मोजून प्यायचे. मग आजीने मला त्या घराचा इतिहास एका वाक्यात सांगितला. म्हणाली, “आमच्या घरच्या पुरुषांना पन्नाशीचा घाट चढवत नाही, गुरुजी.” तिचा नवरा पोटात गोळा धरून गेला. चुलत सासऱ्याच्या अंगावर पाणी चढले. कोणी म्हणाले कुलदेवतेचा नवस राहिला, कोणी म्हणाले भाऊबंदांनी करणी केली. सोनोग्राफी होईपर्यंत खरे कारण कोणाला कळलेच नव्हते.

डॉक्टर ज्याला ‘पॉलिसिस्टिक किडनी’ म्हणतात, तो हा विकार. साध्या मराठीत सांगायचे, तर पाण्याच्या फोडांनी भरलेली मूत्रपिंडे. निरोगी मूत्रपिंड असते मुठीएवढे, वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. या रोगात त्यात द्राक्षाच्या घोसासारखे फोड वाढत जातात आणि एकेक मूत्रपिंड काही किलोंचे होऊ शकते. आजोबांच्या पोटातला ‘गोळा’ तो हाच असावा. पोलंडचा राजा स्टेफान बाथोरी १५८६ साली वारला, तेव्हा त्याच्या शवाच्या तपासणीत मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी आणि खडबडीत आढळली. त्यालाही हाच विकार असावा, असे आजचे वैद्य मानतात. रोग राजवाडा पाहत नाही आणि कौलारू घरही पाहत नाही. जगात सुमारे हजारात एकाला तो असतो.

आता हे फोड येतात कशाने? मी मराठीचा मास्तर. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेतच सुटला. तरी त्या मुलीसाठी चार पुस्तके वाचली, आणि मला उमगले ते सांगतो.

मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येकीला एकेक नळी. या नळीची भिंत म्हणजे पेशींची एक पंगत. पंगतीला बसलेल्या माणसाला जशी डावी-उजवी बाजू कळते, आपले पान पुढे आहे आणि पाठ भिंतीकडे आहे हे कळते, तसेच पेशीलाही कळावे लागते. शेजारी कोण, आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, आणि जागा भरली, आता वाढायचे थांबावे, हे सारे तिला समजते ते शेजारणीला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांमुळे. या प्रथिनांचे एक मोठे घराणे जपानमधल्या क्योटो विद्यापीठातील मासातोशी ताकेइची यांनी शोधले. त्यांना ‘कॅडहेरिन’ म्हणतात. नावाचा अर्थच मुळी ‘कॅल्शियमच्या आधाराने चिकटणारे’. कॅल्शियम काढून घेतले, की या पेशींची पकड सुटते. मला हे वाचून गंमत वाटली. कॅल्शियम म्हणजे आपल्या चुन्यातला मुख्य अंश. जुन्या वाड्यांच्या भिंती आपण चुन्यात बांधल्या. देहाच्या भिंतीही निसर्गाने चुन्याच्याच आधाराने सांधल्या!

या विकारात जे प्रथिन बिघडते, त्याचे नाव पॉलिसिस्टिन. चार हजारांहून अधिक अमिनो आम्लांची ही लांबच लांब माळ. तिचा बराच भाग पेशीच्या बाहेर असतो आणि त्यात एकसारखे सोळा मणी असतात. हे मणी शेजारच्या पेशीवरच्या तसल्याच मण्यांना धरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पेशी जिथे पेशीला भिडते, तिथे पॉलिसिस्टिन कॅडहेरिनच्या संगतीत सापडते. पेशीला एक बारीकसा केस असतो. नळीतला प्रवाह तिला त्याच्यामुळे समजतो, अशी समजूत आहे. त्या केसावरही हे प्रथिन असते. म्हणजे त्याचे काम एकच नाही. पण शेजारणीचा हात धरणे हे त्यातले एक. तो हात सुटला, की पेशीला पंगतीचे भान उरत नाही. ती जागा सोडून वाढू लागते, नळीला तिथे फुगवटा येतो, त्यात पाणी भरते, आणि हळूहळू तो फुगवटा नळीपासून तुटून स्वतंत्र फोड बनतो. दहा लाख नळ्यांपैकी फोड धरतात थोड्याच. पण त्या फुगून शेजारच्या धडधाकट नळ्यांना चिरडतात. शेजारधर्म सुटलेल्या एकाने साऱ्या आळीला त्रास द्यावा, तसे हे आहे.

या प्रथिनाचे जनुक सापडले, ती हकीकतही ऐकण्याजोगी आहे. ते सोळाव्या गुणसूत्रावर कुठेतरी आहे, एवढे १९८५ साली कळले होते. पण ‘कुठेतरी’ म्हणजे एवढ्या थोरल्या ग्रंथात एक ओळ शोधण्यासारखे. अखेर संशोधकांना पोर्तुगालमधले एक कुटुंब भेटले. त्यातल्या आईच्या सोळाव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि मुलीकडेही ती तशीच आली होती. दोघींनाही हा विकार होता. पुस्तक बांधणाराने पाने फाडून भलतीकडे जोडावीत आणि नेमकी फाटल्या जागीच आपल्याला हवी ती ओळ असावी, तसे झाले. गुणसूत्र जिथे तुटले, तिथेच ते जनुक होते. १९९४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. एका आईने आणि मुलीने आपले रक्त तपासायला दिले, म्हणून जगाला हे कळले. हे मुद्दाम सांगतो. कारण पुढची गोष्ट रक्त तपासण्याचीच आहे.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईची, एक वडिलांची. या विकारात एक प्रत बिघडलेली असली, तरी पुरते. आजारी आई किंवा वडिलांपासून प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा. नाणे उडवावे तसा. मुलगा असो वा मुलगी, नाणे तेच. आणि एका मुलाच्या वेळी छापा पडला, म्हणून दुसऱ्याच्या वेळी काटाच पडेल, असेही नाही. दर वेळी नाणे नव्याने उडते. मग सारी नळी जन्मतःच का फुगत नाही? कारण दुसरी, चांगली प्रत बराच काळ काम निभावून नेते. एखाद्या पेशीत तीही बिघडते, तेव्हा तिथे फोड धरतो. म्हणून हा रोग पंचवीस-तीस वर्षे दबा धरून बसतो. रक्तदाब वाढतो, कधी पाठ दुखते, कधी लघवीतून रक्त जाते. आणि साठीपर्यंत जवळजवळ निम्म्या रोग्यांची मूत्रपिंडे निकामी होतात.

पुन्हा त्या ओटीवर येऊ. दुपारी मुलीची आत्या माहेरी आली. तिने भावाला ओवाळले. भावाने ताटात नोट टाकली. ती म्हणाली, “या वर्षी मला ओवाळणी नको. माझा एक मूत्रपिंड तूच घे.” व्याकरणात चूक होती, पण त्या वाक्याला लाल शाई लावण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. घरात क्षणभर कोणी बोलेना. माणसाला एका निरोगी मूत्रपिंडावर जगता येते आणि सख्ख्या बहिणीचे मूत्रपिंड भावाला चालण्याचा संभवही चांगला, हे सर्वांनी ऐकले होते. पण त्यापुढचे कोणी ऐकले नव्हते.

पंधरा दिवसांनी तपासणी झाली. आत्याच्याही दोन्ही मूत्रपिंडांत फोड होते. वय सत्तेचाळीस, तक्रार एवढीच, की अधूनमधून डोके दुखायचे. रक्तदाब चढलेला होता, आणि तो कोणी कधी मोजलाच नव्हता. द्यायला गेली, ती स्वतःच रोगी ठरून परत आली. तिला डॉक्टरांनी सांगितले, मीठ कमी करा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका, आणि पाणी भरपूर प्या. एकाच आईच्या दोन लेकरांपैकी एकाला पाणी मोजून आणि दुसऱ्याला भरपूर! एक त्या वाटेच्या शेवटाला पोहोचला होता आणि दुसरी अजून अर्ध्या वाटेवर होती, एवढाच फरक.

शेवटी मूत्रपिंड दिले, ते मुलीच्या आईने. तिचा या घराण्याशी रक्ताचा संबंध नाही, म्हणून हा विकार तिच्यात असण्याचे कारण नव्हते. रक्तगट जुळला. १९९४ च्या अवयवरोपणाच्या कायद्यात जवळच्या नातलगांच्या यादीत आई, वडील, भाऊ, बहीण, मुले यांच्याबरोबर पती-पत्नीही आहेत. मुंबईत १९६५ साली के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसवण्याचा पहिला प्रयत्न केला. १९७१ साली वेल्लोरला जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वी रीतीने बसले. आज ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही. माघात ती पार पडली. नव्या मूत्रपिंडात हा रोग शिरत नाही; कारण त्यातल्या पेशींजवळ हात धरण्याचे शिक्षण बायकोच्या माहेरचे असते! रेघा मारलेली बाटली आता फडताळावर आहे. मात्र एक गोष्ट मनाला लागते. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. ओवाळणी कोण कोणाला घालते आहे, याचा विचार घरोघर व्हायला हवा.

‘सपिंड’ हा शब्द मला त्या दिवसांत फार आठवला. बंगालात जीमूतवाहनाने पिंड म्हणजे श्राद्धाचा भाताचा गोळा, असा अर्थ धरला. आपल्याकडे चालते ती विज्ञानेश्वराची मिताक्षरा. तिने पिंड म्हणजे देह मानला. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले, ते सपिंड. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या पंडितापुढे गुणसूत्रे नव्हती. पण शब्दाची पकड पाहा! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सपिंडांच्या विवाहाला मनाई आहे, रूढी असेल तर मात्र मुभा आहे. आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी आपल्या पुष्कळ जातींत आहे. वडप्याच्या विकाराला त्याचे सुखदुःख नाही. त्याला एकच प्रत पुरते. पण मूत्रपिंडाचे दुसरे काही विकार असे आहेत, की दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच ते उमटतात. फिनलंडमध्ये तान्ह्या मुलांना होणारा असा एक विकार निइलो हालमन यांनी १९५६ साली वर्णिला. १९९८ साली त्याचे मूळ सापडले. ‘नेफ्रिन’ नावाचे प्रथिन गाळणीच्या दोन शेजारी पेशींमधून पुढे येऊन, दोन्ही हातांची बोटे गुंफावी तसे मधल्या फटीत गुंफते. ती गुंफण नसली, की रक्तातली प्रथिने लघवीतून वाहून जातात आणि मूल सुजते. तिथेही रोग धरून ठेवण्याच्या शक्तीचाच. अशी बिघडलेली प्रत आजोबांकडून मामाच्या मुलीकडेही आली असेल आणि आतेभावाकडेही. त्यांच्या लग्नात दोन्ही एकत्र येण्याची शक्यता परक्या घरच्या लग्नापेक्षा बरीच जास्त. एवढे जाणून मग रूढीचे काय करायचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

आता माझ्या चुकीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वडिलांची शस्त्रक्रिया व्हायच्या आधी त्या मुलीला एक स्थळ आले. मुलगा नोकरीचा, घर चांगले. एके दिवशी तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “सर, मुलाकडच्यांना सांगू का?” मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “आधी ठरू दे. तुला तो विकार आहे, हे तरी कुठे ठरले आहे? संभव निम्माच आहे. मग सावकाश सांगता येईल.” तिने ऐकून घेतले. दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाली, “सर, आत्याच्या लग्नातही आजीने हेच ठरवलं होतं. मग सावकाश सांगायचं. ते राहूनच गेलं. आत्याला कुणी सांगितलं असतं, तर तिने वीस वर्षांपूर्वी रक्तदाब मोजला असता.” मला उत्तर सुचले नाही.

तिने मुलाकडे स्वतः सांगितले. स्थळ गेले. तिने ते फारसे मनाला लावून घेतले नाही. निदान मला तसे दाखवले नाही.

मग तिने आणखी एक काम हाती घेतले. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांच्या घराण्याची नामावळी होती. वडिलांना घेऊन ती नाशिकला गेली आणि पाच पिढ्यांची नावे उतरवून घेऊन आली. पण त्या वंशावळीत पुरुषच पुरुष. मुली लग्न होऊन गेल्या, की वहीतून गेल्या. तिने मोठ्या कागदावर ती वंशावळ नव्याने काढली आणि आजीला विचारून विचारून एकेक लेक तिच्या जागी बसवली. कोण कुठे दिली, कोण कशाने गेली, कोणाला किती मुले. आजी कुरकुरली, “लेकी कशाला लिहितेस? त्या दुसऱ्या घरच्या.” ती म्हणाली, “आजी, नाव दुसऱ्या घरचं. दुखणं आपल्याच घरचं नेलंय ना त्यांनी?” पन्नाशीचा घाट पुरुषांनाच चढवत नाही, ही त्या घरची समजूत त्या कागदाने खोटी ठरवली. बाळंतपणानंतर ‘तापाने’, ‘सुजेने’ गेलेल्या दोन लेकी त्यात होत्या. त्यांचे दुखणे हेच होते की नव्हे, हे आता कोणी सांगू शकत नाही. पण त्यांची मुले-नातवंडे आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

कागद घेऊन ती आणि आत्या गावोगाव फिरल्या. काही दारांतून पाणीही न देता परत पाठवले. “आमच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, हे इथं बोलू नका,” असे एका घरी सांगितले. पण आत्याच्याच थोरल्या मुलीने, वय चोवीस, दंडाला पट्टा बांधून घेतला, तर रक्तदाब चढलेला निघाला. तिची औषधे सुरू झाली आहेत. अशा रोग्यांपैकी काहींना फोडांची वाढ मंद करणारे औषधही आता देतात. रोग समूळ जात नाही. पण रक्तदाब ताब्यात ठेवला, मीठ आवरले, वेळच्या वेळी तपासणी केली, तर पुष्कळ वर्षे हाती लागतात. शिक्षण, संसार, मुले सगळे त्या वर्षांत बसते.

स्वतःची तपासणी तिने केली का, असे तुम्ही विचाराल. मी विचारलेले नाही. तिशीच्या आत सोनोग्राफी स्वच्छ आली, तरी ती शेवटचा शब्द नसते. आणि आपल्या नाण्याची कुठली बाजू वर आहे, हे कधी पाहायचे, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. सांगणे हे कर्तव्य असेल. पाहायला लावणे हे कोणाचेच नव्हे. डिसेंबरात तिची परीक्षा आहे. ‘पिंड’ या शब्दावर टिपण लिहिण्याचा प्रश्न मी यंदा घालणार नाही, एवढे मात्र तिला सांगून ठेवले आहे.

या वर्षीच्या भाऊबीजेचेही बोलावणे आले आहे. पत्राच्या शेवटी तिने लिहिले आहे, ‘सर, आत्याकडचे सगळे येणार आहेत. एका मावशीने डॉक्टरचा रक्तदाबाचा पट्टा एक दिवसापुरता मागून आणला आहे. ओवाळणी झाल्यावर सगळ्यांचा मोजायचा ठरला आहे. तुमचाही.’

माझा काही त्यांच्याशी पिंडाचा संबंध नाही. पण जाईन म्हणतो.